जबड्याची पुनर्रचना आणि इम्प्लांट: कॉम्प्युटरवरच्या नियोजनाची तयारी टप्प्याटप्प्याने

तोंडाचा कॅन्सर, अमेलोब्लास्टोमासारखी गाठ, मोठा अपघात किंवा कोरोनाच्या 2021 च्या लाटेत झालेला म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कारण काहीही असो, जबड्याचा तुकडा गेला की तिथं पायातलं फिब्युलाचं हाड बसवायचं आणि त्यावर इम्प्लांट, म्हणजे दात धरणारे धातूचे स्क्रू, घालून दात द्यायचे, असं आता बऱ्याच ठिकाणी ठरतं. सगळं आधी कॉम्प्युटरवर आखून घेतात, त्याप्रमाणे हाड नेमकं कुठं कापायचं ते दाखवणारे साचे प्रिंट होतात आणि मग ऑपरेशन होतं.

कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, इचलकरंजी भागातली कुटुंबं यासाठी कधी इथंच, कधी मिरजेला, कधी पुण्या-मुंबईला जातात. ऑपरेशन कुठंही होवो, तयारीचा मोठा भाग गावातच होतो आणि बिघडतोही तिथंच. स्कॅन चुकीचा निघतो, दात चुकीच्या वेळी काढला जातो आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते हे: "आधी ऑपरेशन उरकू, दातांचं मागनं बघू." तसं केलं की हाड जिथं सोयीचं तिथं बसतं, आणि वर्षभरानं कळतं की त्याच्यावर दात बसवायला जागाच नाही.

नियोजनाचा क्रम उलट्या बाजूनं चालतो. आधी दात कुठं हवेत ते ठरतं, त्यावरून इम्प्लांट, त्यावरून हाड, त्यावरून पायातले काप आणि शेवटी साचा. पुढचे टप्पे रुग्णाच्या घरच्यांसाठी आणि त्यांना पहिल्यांदा तपासणाऱ्या दंतवैद्यांसाठी आहेत. निर्णय अर्थात उपचार करणाऱ्या टीमचा.

1. स्कॅनच्या आधी: रोग, तोंड आणि पाय

पहिली गोष्ट तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट. गाठ साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली, असेल तर नियोजनाला सवड मिळते आणि दातांसकट सगळं एका बैठकीत करण्याचा विचारही होऊ शकतो. कॅन्सर असेल तर घड्याळ चालू झालेलं असतं. ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागण्याची शक्यता किती, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण इम्प्लांट कधी घालायचे ते त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट तोंड किती उघडतं. आपल्याकडं हा प्रश्न मोठा आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी मावा, सुपारी आणि तंबाखू-चुना चालूच आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी बघायचं तर रुग्णानं स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटं जात नसतील तर ते लपवू नका, ठळक सांगा. इम्प्लांटचं ड्रिल, त्याचं हँडपीस आणि वर साचा हे सगळं मागच्या दाढांपर्यंत न्यायला जागा लागते. स्क्रीनवर सुंदर दिसणारी योजना दीड बोट उघडणाऱ्या तोंडात शिरतच नाही. आधी कळलं तर टीम गालातले ते ताठ पट्टे त्याच ऑपरेशनमध्ये सोडवायचं ठरवू शकते, किंवा इम्प्लांट पायाचं हाड पायातच असताना घालायचं ठरवते.

तिसरी गोष्ट पाय. पूर्वी पोटरीला फ्रॅक्चर झालं होतं का, शिरा फुगल्यात का, चालताना पोटरी भरून येते का, साखर किती आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन कधी घेतलं असेल, तर तेही सांगायचं. हे इंजेक्शन वर्षा-सहा महिन्यांनी एकदा घेतलेलं असतं, म्हणून "चालू गोळ्या" लिहिताना ते हमखास राहून जातं.

तपासून घ्या: तुकड्याचा रिपोर्ट, साखरेचा आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, सगळ्या औषधांची यादी एका फाइलमध्ये आहे का? क्रिएटिनिन कशाला, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

2. दातांची तयारी: आधी दुरुस्ती, मग माप

बहुतेक साचे शिल्लक दातांवर टेकवून बसवतात. ज्या दातांवर साचा टेकणार ते मापाच्या दिवशी जसे होते तसेच ऑपरेशनच्या दिवशी असायला हवेत. यातून क्रम आपोआप ठरतो.

पहिल्यांदा दातांची सफाई. मग जे दात वाचणार नाहीत ते काढणं. मग किडलेल्या दातांत फिलिंग. आणि हे सगळं झाल्यावर तोंडातला डिजिटल स्कॅन किंवा प्लास्टरचं माप. माप दिल्यावर मध्येच कुणी कॅप बसवली, फिलिंग घासलं किंवा हलणारा दात काढला, तर साचा ऑपरेशनच्या टेबलावर डुगडुगतो. त्या क्षणी सर्जनपुढं दोनच वाटा राहतात, अंदाजानं बसवणं किंवा साचा बाजूला ठेवणं.

शेक लागणार असेल, तर काढायचे दात शेक सुरू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी निघालेले बरे, म्हणजे जखम भरते. शेक घेतलेल्या हाडातून नंतर दात काढणं जोखमीचं असतं. ते हाड सडू शकतं.

सावध: गाठीच्या किंवा व्रणाच्या जागेतला हलणारा दात गावातल्या खुर्चीत काढू नका. "दात हलत होता म्हणून काढला, आता खड्डा भरत नाही" ही गोष्ट फार वेळा ऐकायला मिळते. दात हलतो कारण खालचं हाड रोगानं खाल्लेलं असतं. दात काढल्यावर दोन आठवड्यांत खड्डा भरला नाही, किंवा तिथं मांसाचा कोंब दिसला, तर आणखी अँटिबायोटिक देत न बसता तुकडा तपासायला पाठवायचा.

गाठीनं किंवा अपघातानं जबडा आधीच सरकला असेल, तर दात मुळात एकमेकांवर कसे बसायचे याचा पुरावा शोधावा लागतो. जुनी प्लास्टरची मापं, तारा लावल्या होत्या तेव्हाचे मॉडेल, लग्नातले दात दिसणारे फोटो, काहीही चालतं. कपाटं उघडा.

3. स्कॅन: सगळ्यात जास्त चुका इथं होतात

नियोजनासाठी दोन सीटी स्कॅन लागतात, चेहऱ्याचा आणि दोन्ही पायांचा. रोगनिदानासाठी काढलेला जुना सीटी चालेल असं धरू नका. त्यात काप अनेकदा तीन किंवा पाच मिलिमीटर जाडीचे असतात. निदानाला ते पुरतात, पण त्यावरून बनवलेल्या मॉडेलवर पायऱ्या दिसतात आणि साचा हाडाला चिकटून बसत नाही.

सेंटरला द्यायची चिठ्ठी साधारण अशी असावी. डॉक्टरांकडून सहीसकट घ्या:

"चेहऱ्याचा सीटी: डोळ्यांच्या वरपासून गळ्यापर्यंत. कापाची जाडी 1 मिलिमीटर किंवा कमी, कापांमध्ये फट नको, गँट्री सरळ. वरचे-खालचे दात किंचित सुटे. हाडासाठी आणि मऊ भागासाठी अशा दोन्ही मालिका. पायांची सीटी अँजिओग्राफी: दोन्ही पाय, गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत, तेवढ्याच पातळ कापांत. सर्व मूळ डेटा डायकॉम स्वरूपात."

दात सुटे का? मिटलेले असले की कॉम्प्युटरवर वरचा आणि खालचा जबडा वेगळा करताना दातांचे कोपरे एकमेकांत मिसळतात. मात्र तोंड आ वासूनही स्कॅन काढायचा नाही; मेणाची पातळ पट्टी चावून दोन-तीन मिलिमीटर फट पुरते. धातूचं फिलिंग असेल तर त्या भागात सीटीवर चकाकणारे पट्टे येतात आणि दातांचे आकार गायब होतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यातला दातांचा स्कॅन लागतो. तो नंतर सीटीवर बसवतात.

पायाची अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, "पायाला तर काही झालं नाही" म्हणून टाळायची चीज नाही. पोटरीत तीन मुख्य रोहिण्या खाली जातात. हाड जिवंत राहावं म्हणून फिब्युलासोबत त्यांतली पेरोनियल रोहिणी घ्यावी लागते. काही माणसांत जन्मतःच बाकीच्या दोन अपुऱ्या असतात आणि पाऊल पेरोनियलवरच जगतं. अशा पायातलं हाड घेतलं तर पाऊल धोक्यात येतं. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि जुन्या मधुमेहींत रोहिण्या आतून अरुंदही झालेल्या असतात. या तपासणीत शिरेतून औषध सोडतात, त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो, म्हणून क्रिएटिनिन आधी हवं, आणि मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे ते सेंटरला सांगायचं.

दातांच्या दवाखान्यातला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, दात-हाडापुरता उत्तम, पण गाठ मऊ भागात कुठवर पसरली ते त्यात कळत नाही. तो सीटीच्या जागी चालत नाही.

तपासून घ्या: पेनड्राइव्ह घेऊन सेंटरमधून निघण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडायला सांगा. प्रत्येक स्कॅनमध्ये शेकडो फाइली दिसायला हव्यात. वीस-पंचवीस चित्रं दिसली तर तो निवडक अल्बम आहे, मूळ डेटा नव्हे. नाव, तारीख, डावी-उजवी बाजू पाहा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नियोजनाला शून्य उपयोगाचा.

4. कॉम्प्युटरवरची बैठक

सर्जन, कृत्रिम दातांचे तज्ज्ञ म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्ट आणि सॉफ्टवेअर चालवणारा इंजिनिअर, तिघे एका स्क्रीनसमोर हवेत. ऑनलाइन असले तरी चालतं. प्रॉस्थोडॉन्टिस्ट नसलेली बैठक म्हणजे पुन्हा "मागनं बघू". नातेवाइकांनी एवढं तरी विचारावं: दात बसवणारे डॉक्टर या बैठकीत आहेत का?

बैठकीत आधी सर्जन रोगाच्या कडेपासून सुरक्षित अंतर ठेवून जबड्यावरच्या कापरेषा आखतात. ही रेषा दातांच्या किंवा सौंदर्याच्या सोयीसाठी एक मिलिमीटरही आत सरकत नाही. त्यानंतर समोरच्या जबड्याला जुळतील असे आभासी दात मांडतात. दातांच्या खाली इम्प्लांट उभे करतात. आणि मग त्या इम्प्लांटच्या खाली फिब्युला सरकवतात.

इथं खरी ओढाताण होते. दात असलेला खालचा जबडा उंचीला साधारण तीन सेंटिमीटर असतो आणि फिब्युला जेमतेम बारा ते पंधरा मिलिमीटर. हाड जबड्याच्या खालच्या कडेला ठेवलं तर चेहऱ्याची ठेवण छान राहते, पण दात लांबच लांब खांबांवर उभे राहतात आणि चावताना इम्प्लांटवर तिरका जोर येतो. वर ठेवलं तर दातांना उत्तम, पण हनुवटीची कड खचलेली दिसते. पर्याय दोन. एक, हाड दुमडून दोन थरांत ठेवणं; त्याला हाडाची लांबी दुप्पट लागते. दोन, मधली उंची पकडून खालची कड प्लेटनं, म्हणजे हाडं जोडणाऱ्या धातूच्या पट्टीनं, सांभाळणं. तरुण रुग्ण, लहान तुकडा आणि साधी गाठ असेल तर दुहेरी थराचा विचार जरूर व्हावा असं माझं मत. मोठ्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन लांबवणं परवडत नाही.

हाडाचे तुकडे किती करायचे, हा पुढचा मुद्दा. जबडा गोल, फिब्युला सरळ, म्हणून मध्ये काप देऊन कोन करावे लागतात. जास्त तुकडे केले की स्क्रीनवर गोलाई देखणी येते, पण प्रत्येक तुकड्याला रक्त मिळतं ते वरच्या पातळ आवरणातून. तुकडा दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड झाला की तो जगेल का याची काळजी सुरू होते. एखादा कोपरा किंचित चपटा राहिला तरी चालेल, तुकडे कमी ठेवा. पायात गुडघ्याकडचं सुमारे सहा सेंटिमीटर आणि घोट्याकडचं सहा ते आठ सेंटिमीटर हाड सोडावंच लागतं. वरच्या टोकाजवळून पाऊल उचलणारी नस जाते आणि खालच्या टोकावर घोट्याचा तोल असतो.

सहज सुटणाऱ्या जागा आणखी तीन आहेत. प्लेटचे स्क्रू आणि इम्प्लांट हाडात एकमेकांवर आदळत नाहीत ना, हे फिरवून फिरवून पाहायचं. इम्प्लांट दोन तुकड्यांच्या सांध्यात किंवा अगदी कडेला येऊ द्यायचा नाही. आणि करवतीच्या पात्याची जाडी मोजायची. पातं जाताना तेवढं हाड खातंच; चार काप असले की चूक साचत जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामासाठी पॅटर्न (नमुना) करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: त्यानं पॅटर्नमध्ये अलाउन्स, म्हणजे जास्तीचं माप, सोडला नाही, तर पुढं ओतकाम कितीही नीट झालं तरी नग भंगारात जातो.

सावध: कॅन्सरमध्ये एकच योजना पुरत नाही. टेबलावर रोग पुढं गेलेला निघाला तर जबड्यावर आणखी मागं काप घ्यावा लागतो. त्या दुसऱ्या रेषेचा साचा आणि थोडं जास्तीचं हाड योजनेत आधीच असावं.

5. साचे, मॉडेल आणि प्लेट

"आमचा भाचा शिरोली एमआयडीसीत आहे, त्याच्याकडं थ्रीडी प्रिंटर आहे, निम्म्या पैशात होईल." हा प्रस्ताव हल्ली येतोच. कोल्हापूरकराच्या हातातल्या कौशल्याबद्दल शंका नाही, अडचण मालाची आहे. साध्या प्रिंटरमधलं पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश असतात. साचा बाहेर येतो तेव्हा वाकलेला असतो, आणि कधी इतका थोडा की डोळ्याला कळत नाही. शरीराला लागणारा साचा वैद्यकीय दर्जाच्या मालातूनच हवा, आणि तो कसा निर्जंतुक करायचा हे बनवणाऱ्यानं लेखी द्यायला हवं. नुसतं बघायला, समजून घ्यायला मॉडेल हवं असेल तर भाच्याला खुशाल काम द्या.

प्लेटचे दोन प्रकार असतात. बाजारातली प्लेट प्रिंट केलेल्या मॉडेलवर आधीच वाकवून ठेवतात, किंवा त्या रुग्णापुरती टायटॅनियमची बनवून घेतात. पहिली बरीच स्वस्त आणि अनेकांना पुरेशी असते. फक्त ती पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की धातू थकतो आणि पुढं महिन्यांनी तुटू शकते.

तपासून घ्या: ऑपरेशनच्या आधी प्रत्येक साचा मॉडेलवर घालून पाहिला का? त्यावर रुग्णाची खूण, डावा-उजवा, गुडघ्याची बाजू-घोट्याची बाजू कोरलेलं आहे का? फिब्युलाचा साचा उलटा बसवणं वाटतं तेवढं अशक्य नाही.

खर्चाचं इथंच विचारून टाका. ऑपरेशन, नियोजन आणि साचे, प्लेट, इम्प्लांट, वरचे दात, अशी वेगवेगळी बिलं होऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं म्हणजे इम्प्लांट आणि दातही बसले असं गृहीत धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रत्येक बाब वेगळी विचारा आणि कागदावर घ्या.

6. स्कॅन ते ऑपरेशन

मधले दिवस रिकामे नसतात. कॅन्सरचा स्कॅन शिळा होतो. काही आठवडे गेले, सूज वाढली, नवा दात हलायला लागला, ओठ बधिर झाला किंवा गळ्यात गाठ लागली, तर साचे तयार असले तरी आधी कळवायचं. पैसे भरलेत, साचे आलेत, म्हणून जुन्या रेषेवर कापणं ही सगळ्यात महागडी काटकसर.

तंबाखू, मिश्री, बिडी बंद. पायाची बारीक रोहिणी गळ्यातल्या रोहिणीला टाके घालून जोडायची असते. बिडी तीच रोहिणी आखडवते.

टेबलावर काय होतं ते थोडक्यात: साचा सहज बसला पाहिजे, दाबून बसवायचा नाही. तुकडे बसल्यावर दात एकमेकांवर बसतात का ते पाहूनच स्क्रू पक्के होतात. योजना आणि रुग्ण जुळत नसतील तर योजना सोडायची, हे अनुभवी टीमला माहीत असतं.

7. इम्प्लांट त्याच वेळी की नंतर?

साधी गाठ, शेक नाही, तोंड नीट उघडतं: इम्प्लांट त्याच ऑपरेशनमध्ये घालता येतात. क्वचित, सगळी तयारी असलेल्या केंद्रात, तात्पुरते दातही त्याच दिवशी बसतात.

शेक लागणार असेल तर मतभेद आहेत. त्याच वेळी घातले तर शेक सुरू होण्याआधी हाडाला थोडा वेळ मिळतो, आणि नंतर शेकलेल्या हाडात ड्रिल करणं टळतं. उलट रोग परत आला किंवा हाड सरकलं तर ते इम्प्लांट वाया जातात. नंतर घालायचे तर साधारण सहा महिने ते वर्ष थांबतात. दोन्हींत एक गोष्ट पक्की: ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हायचा शेक दातांसाठी लांबवायचा नाही.

इम्प्लांट हाडात मुरायला तीन ते सहा महिने लागतात, शेकलेल्या हाडात जास्त. त्यानंतरही लगेच दात येतील असं नाही. पायाच्या हाडाबरोबर घेतलेली पायाची कातडी जाड आणि सैल असते. इम्प्लांटभोवती ती हलते आणि कोंब धरते. ती पातळ करणं, टाळूची घट्ट कातडी तिथं लावणं, अशा एक-दोन छोट्या शस्त्रक्रिया मध्ये येतात. हे आधी सांगितलेलं नसलं की घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. वर्ष-दीड वर्षाची तयारी मनात ठेवा.

8. घरी आल्यावर

पाय: फिजिओथेरपिस्ट सांगेल तसं चालायला लागायचं. पायाचा अंगठा खाली दाबायची ताकद काही काळ कमी राहते, त्यामुळं अंगठ्याची कोल्हापुरी पायातून निसटते आणि माणूस अडखळतो. सुरुवातीला मागून पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट बरे.

खाणं: सुरुवातीला नळीतून, मग पातळ, मग मऊ. नवी कातडी तोंडात गरम-तिखट ओळखत नाही. वाफाळता तांबडा रस्सा तिथं भाजून जातो आणि रुग्णाला पत्ताच लागत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूनं, कोमट करून.

दात बसल्यावर: इम्प्लांटच्या मानेभोवती मऊ ब्रश आणि बारीक इंटरडेंटल ब्रश रोज दोनदा. तंबाखू पुन्हा सुरू झाली तर ब्रशचा उपयोग राहत नाही. इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि लांबी लिहिलेले स्टिकर रुग्णालयाकडून मागून घ्या. पाच वर्षांनी एखादा स्क्रू सैल झाला आणि तुम्ही दुसऱ्याच गावात असलात, तर त्या स्टिकरशिवाय योग्य किल्ली कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासणी ठरलेल्या तारखांना. त्यामधल्या दिवसांत इम्प्लांटभोवतून पू, दात बसण्यात अचानक फरक, प्लेट कातडीतून दिसणं, किंवा नवा व्रण यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.